केशरमावशींनी अंगावर घेतलेलं

मुकुंदवाडीच्या छोट्या रेल्वे स्टेशनकडून आत येणाऱ्या गल्लीत, सकाळी साडेआठच्या सुमारास, एका पत्र्याच्या घरापुढे बायकांची रांग लागायची. प्रत्येकीच्या कडेवर नाहीतर बोटाला धरून एक मूल. दाराशी, सकाळचं ऊन पडेल अशा बेताने मांडलेल्या पाटावर केशरमावशी बसलेल्या असायच्या. मूल पुढे आलं की त्या त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घ्यायच्या, उलटेसुलटे करायच्या, बोटं पसरून मधल्या बेचक्या बघायच्या. मग मनगटं, कोपरांच्या खोबणी, कानांच्या मागं, मानेवर केसांच्या मुळाशी. हे सगळं गप्पा मारता मारता चालायचं. "काय खाल्लं आज? पोळी? आन् दूध कोनी पेलं मंग, मांजरानं?" मूल हसायचं, तोवर तपासणी झालेली असायची. आम्हा आयांचं लक्ष घड्याळाकडे. मावशींना घाई नसायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नव्याने लागले होते, नवरा वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर. दोन्हीकडचे आईवडील गावी. मंजिरी सव्वादोन वर्षांची झाली आणि तिला कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कुणीतरी केशरमावशींचं नाव सांगितलं. पहिल्या दिवशी मी मंजिरीची सगळी माहिती पाठ करून गेले होते. ती काय खाते, कधी झोपते, कशाला घाबरते. मावशींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मंजिरीसमोर उकिडवं बसून म्हणाल्या, "हात दाव बरं, बाई." तिनं लगेच दाखवले. मला ती कोणाकडे जायची नाही म्हणून रात्रभर काळजी वाटत होती. हात पाहून झाल्यावर मग त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाल्या, "राग मानू नका ताई. इथं अकरा लेकरं एका सतरंजीवर लोळतेत. एकाच्या अंगावर आलं की समद्यांच्या अंगावर येतं."

हे त्या कुठून शिकल्या होत्या ते हळूहळू कळलं. त्यांचं माहेर फुलंब्रीकडचं. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो लवकर गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी एका सरकारी दवाखान्यात, कातडीच्या रोगांच्या विभागात आया म्हणून काम केलं. पट्ट्या धुतल्या, पेशंटना औषधं चोळली, ज्यांना घरच्यांनी सोडून दिलं होतं अशांच्या शेजारी बसून त्यांना जेवू घातलं. मुलगा नोकरीला लागल्यावर त्यांनी ते काम सोडलं आणि घरातच मुलं सांभाळायला सुरुवात केली. त्या दवाखान्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, "कातडीचा आजार लई वाईट. दुखत नाय एवढा. पन मानूस आधी अंग झाकतंय, मंग नाव झाकतंय, आन् मंग घराचं दार लावून घेतंय."

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे अंगण. भिंतीवर एका ओळीत अकरा खिळे. प्रत्येक खिळ्याला एकेका मुलाचा पंचा आणि प्रत्येक पंच्याच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाच्या चिंधीचा तुकडा शिवलेला. मंजिरीची चिंधी पोपटी होती. दोन वर्षांचं पोरही आपला रंग ओळखायचं आणि दुसऱ्याच्या पंच्याला तोंड पुसायला गेलं तर बाकीची ओरडायची. सोमवारी नखं कापायचा कार्यक्रम. दुपारी गोधड्या अंगणाच्या भिंतीवर उन्हात. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तरी मुलांचे हात धुण्यात कधी हयगय नाही. स्वतः केशरमावशी एका तांब्यात आंघोळ उरकत असाव्यात, असं मला नेहमी वाटायचं.

नसीम ही त्या रांगेतली माझ्या पुढची. टेलरिंगच्या एका दुकानात ती काजं-बटणं करायची. तिचा मुलगा अझहर चार वर्षांचा, मोठ्या डोळ्यांचा, सगळ्यांत शांत. एका उन्हाळ्यात त्याच्या नाकाखाली आणि हनुवटीवर पिकलेले फोड आले, त्यावर मधासारखी पिवळी खपली. मावशींनी त्याला दारातच थांबवलं. नसीमचा चेहरा उतरला, तशा म्हणाल्या, "तीन रोज घरी ठेव. आज दवाखान्यात ने. औषध लागू पडलं, वलं राहिलं नाय की आन." आणि त्या दुपारी, आम्हाला नंतर कळलं, मुलं झोपल्यावर शेजारणीला बसवून त्या स्वतः नसीमच्या खोलीवर गेल्या. कोमट पाण्यात फडकं भिजवून खपल्या कशा मऊ करायच्या, ते फडकं वेगळं कसं उकळायचं, हे तिला करून दाखवलं. अझहर परत आला तेव्हा त्याच्या हनुवटीवर जांभळ्या औषधाचे ठिपके होते. एक मुलगा त्याला काहीतरी नाव ठेवून चिडवायला लागला. मावशींनी त्याला जवळ घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "त्याचं नाव अझहर हाय. दुसरं नाव इथं चालत नाय." बस, एवढंच. पुन्हा कोणी चिडवलं नाही. मोठ्यांच्या मनातून मात्र ते ठिपके पुसले गेले नाहीत, हे पुढे दिसलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही नवऱ्याच्या नात्यातल्या एका लग्नासाठी कन्नडला गेलो. तीन दिवस मुक्काम, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, भाड्याने आणलेल्या गाद्या. परत आल्यावर सगळं ठीक होतं. जूनच्या मध्याला मंजिरी झोपताना हात खाजवायला लागली. सकाळी मी तिची बोटं पसरून पाहिली. बेचक्यांत बारीक पुरळ, मनगटावर पण. केशरमावशींच्या रांगेत उभं राहून राहून मलाही बघता यायला लागलं होतं. ती खरूज होती. मला शंका नव्हती.

माझी रजा संपली होती. नोकरी कायम व्हायला दोन महिने होते आणि आमच्या सुपरवायझरबाईंनी मला आधीच एकदा समज दिली होती. नवऱ्याने रजा घ्यावी हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी कडुनिंबाच्या पाण्याने मंजिरीला आंघोळ घातली, खोबरेल तेलात कापूर घालून लावलं. खाज कमी झाल्यासारखी वाटली. पुरळ दिसत होतंच. मग मी मेंदी भिजवली. तिच्या तळव्यांवर, बोटांवर, बेचक्यांत, मनगटापर्यंत दाट नक्षी काढली. मेंदी तिला इतकी आवडली की ती हात हवेत धरून दोन तास हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दारात केशरमावशींनी तिचे हात पाहिले. "अगं बया, नवरी का काय तू? लई रंगली गं." त्या हसल्या आणि तिला आत सोडलं. मी बसस्टॉपकडे जवळजवळ पळत गेले. मेंदी फिकी पडायला लागली की मी पुन्हा काढायची. तीन आठवड्यांत तीनदा काढली. मी स्वतःला सांगत होते की बरं होत आलंय, अजून चार दिवस. मंजिरीला दुपारी मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवल्याशिवाय झोप यायची नाही, हे मला माहीत होतं. सतरंजीवर ती अझहरच्या शेजारी झोपायची, हेही मला माहीत होतं.

जुलैत एका आठवड्यात तीन मुलं खाजवायला लागली. त्यांतली एक बँकेत काम करणाऱ्या सुषमाताईंची मुलगी. दुसरा अझहर. मावशींनी सगळ्यांना शनिवारी संध्याकाळी जरा थांबायला सांगितलं. आम्ही अंगणात उभ्या राहिलो. सुषमाताईंनी सुरुवात केली. "आमच्या घरात कधी असलं काही नव्हतं. हे कुणाकडून आलं ते कळायला हवं." कोणी नाव घेतलं नाही, पण दोघीतिघींची नजर नसीमकडे वळली. सुषमाताई म्हणाल्या, "मागच्या वर्षीही त्यालाच झालं होतं. काही घरांत स्वच्छतेचं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. नसीमने अझहरला जवळ ओढलं. त्याने दोन्ही हात तिच्या ओढणीत लपवले.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. बोलायला तोंड उघडलं होतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे उघडलं नव्हतं.

"माझ्या अंगावर हाय," केशरमावशी म्हणाल्या. त्यांनी लुगड्याचा पदर खोचला आणि दोन्ही मनगटं पुढे केली. त्यांवर तेच पुरळ होतं, खाजवून लाल झालेलं. "ह्या हातांनी मी समद्यांना जेवू घालते, ह्याच खांद्यावर झोपवते. दुसऱ्या कोनाकडं बघायचं काम नाय."

"म्हणजे तुमच्यामुळे झालं हे?" सुषमाताईंनी विचारलं.

"व्हय. तसं धरा."

मग त्या कामाचं बोलायला लागल्या, जणू मघाचं काही झालंच नव्हतं. "सकाळी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीनबाईला इचारून आले. उद्या रविवार, समदे घरी. मानंपासून तळपायापस्तोर औषध लावायचं. लेकराला, आईला, बापाला, घरात जितकी मानसं तितक्यांना. खाज असू नायतर नसू. धाकली लेकरं हायेत त्यांना बाई येगळं औषध देतील. कपडे, पांघरुनं कढत पान्यात, मंग उन्हात. एकानं चुकवलं तर महिन्याभरानं पुन्हा इथंच उभं राहू. आन् एक ध्यानात ठेवा, औषधानं किडं मरतेत पन खाज मागं राहती. पंधरा रोज तरी. भिऊन पुन्हा पुन्हा औषध चोळू नका, लेकराचं कातडं सोलल."

रविवारी त्यांच्या अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं. ज्यांच्याकडे पाणी पुरेसं नव्हतं त्यांनी कपडे इकडे आणावेत, असं त्यांनी सांगितलं होतं. नसीम आली, मी आले. आणखी एकदोघी येऊन गेल्या. पावसाने उघडीप दिली होती. नसीम भिंतीवर गोधड्या वाळत घालत होती, मी चुलीपाशी लाकडं सारत होते. मावशी काठीने कपडे ढवळत होत्या. त्या पातेल्याकडे बघतच म्हणाल्या, "मेंदी तुमीच काढता का?"

"हो," मी म्हणाले.

"चांगला हात हाय." काठी फिरत राहिली. "नागपंचमी लांब, घरात लगीन नाय, आन् पोरीच्या हातावर एकामागं एक तीन डाव मेंदी. माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं. परवा तिचे हात पान्यात भिजवून बघितले, तव्हा आलं."

मला रडू आलं. धुराचं निमित्त होतं. "मग काल सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुमी पोरीला उचलून दुसरीकडं नेली असती. तिथं बी झाकूनच नेली असती." त्यांनी एक चादर काठीवर उचलली, पाणी निथळू दिलं. "मी दारात बसते ते लेकराला हाकलायला नाय, ताई. पन आयांना तसं वाटत असंल तर चूक माझी हाय. तुमाला माझी भीती वाटली. ती वाटायला नव्हती पायजे."

मग भिंतीकडे मान करून हळूच म्हणाल्या, "नसीमला तेवढं सांगा. बाकी कोनाला नाय सांगितलं तरी चालंल."

मी चार दिवस लावले. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नसीमच्या दुकानात गेले. ती शर्टाला बटण लावत होती. मी सगळं सांगितलं, शिवणयंत्रांच्या आवाजात तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. तिचा हात थांबला नाही. दोरा तोडून मग ती म्हणाली, "बोले सो अच्छा करे." आणि जरा वेळाने मराठीत, "पण त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे होतं, ताई. अझहर मला विचारतो, अम्मी, मैं गंदा हूँ क्या. मी नाही म्हणते. पण त्यानं ते तिथं ऐकलं, इथं नाही."

मी मान हलवली. सुषमाताईंना सांगायला जावं, असं त्या संध्याकाळी ठरवलं होतं. गेले नाही.

खरूज गेली. महिन्याभरात सगळी मुलं साफ झाली, एकालाही पुन्हा झालं नाही. पण वस्तीत एक वाक्य फिरत राहिलं की त्या पाळणाघरवाल्या बाईला खरूज आहे. सुषमाताईंनी मुलीला काढलं, मग आणखी काही गेल्या. अकरा मुलांची पाच झाली. सहा खिळे रिकामे राहिले. मावशींनी ते काढले नाहीत. मी एकदा चाचरत विषय काढला, तर म्हणाल्या, "गेली ती बरी होऊन गेली ना? मंग झालं." पण एका दुपारी मी लवकर सुटून गेले तेव्हा मावशी त्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मंजिरी मांडीवर झोपलेली. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. मी तशीच उंबऱ्याबाहेर थांबून राहिले.

त्यानंतर त्यांनी दारातला पाट उचलला. मूल आलं की आधी आत घ्यायच्या, खाऊ द्यायच्या, मग हात धुता धुता बघायच्या. काही दिसलं तर संध्याकाळी त्या आईला घरातल्या खोलीत नेऊन, चहा देऊन सांगायच्या. आणि नव्या आईला पहिल्याच दिवशी म्हणायच्या, "लेकराला काय बी होऊ दे, मला आधी सांगा. तुमची रजा नसंल तर आपुन दोघी मिळून तोड काढू. मागच्या खोलीत येगळी सतरंजी हाय." ती मागची खोली त्यांची स्वतःची झोपायची होती. आणखी दोन वर्षांत तिथे किती मुलं कांजिण्या आणि फोड घेऊन राहिली, मी मोजली नाहीत. ज्यांच्या आयांना घरी राहणं शक्यच नव्हतं, त्यांचीच ती मुलं. मीही त्यानंतर काही लपवलं नाही. एकदा मंजिरीच्या पाठीवर साधं घामोळं उठलं, तर सकाळी सहाला जाऊन दाखवून आले. त्या खूप हसल्या होत्या.

मंजिरी पाच वर्षांची असताना माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी मी तिला न्यायला गेले आणि म्हणाले, "चल, मावशींना अच्छा कर, आपण पुन्हा येऊ हं." केशरमावशींनी मला थांबवलं. "तिला खरं सांगा. आता रोज यायचं नाय, गाव बदललं, असं सांगा. खोटं सांगितलं की लेकरू वाट बघत बसतं." मग त्यांनी स्वतःच सांगितलं. मंजिरीने ऐकून घेतलं आणि त्यांच्या पदरात तोंड खुपसून रडली. त्या तिची पाठ थोपटत राहिल्या. नांदेडच्या गाडीत ती झोपेपर्यंत हुंदके देत होती. नव्या गावी तिने चार-आठ दिवस नाव काढलं, मग काढलं नाही. शाळा सुरू झाली, मैत्रिणी झाल्या.

मला मात्र पाच वाजले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मुलीला आणायला कुठेतरी जायचं आहे असं वाटायचं. पत्र लिहून उपयोग नव्हता, त्यांना वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याने वाचून दाखवावं असं मला लिहायचं नव्हतं. दिवाळीत जाऊ, उन्हाळ्यात जाऊ असं करत वर्षं गेली. दोनदा संभाजीनगरला जाणं झालं, दोन्ही वेळा लग्नकार्यात दिवस संपला. मुकुंदवाडीवरून गाडी गेली तेव्हा मी खिडकीशी बसून त्या गल्लीचं तोंड शोधत होते. सगळीकडे इमारती झाल्या होत्या. गल्ली सापडली नाही.

मी निवृत्त झाल्यावर एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी नसीम बोलते. ओळखलं का?" आवाजावरून ओळखलं. एक्स्चेंजमधल्या माझ्या जुन्या मैत्रिणीकडून तिने नंबर मिळवला होता. केशरमावशी गेल्या, हे सांगायला. शेवटची काही वर्षं त्या फुलंब्रीला मुलाकडे होत्या. नसीम अधूनमधून बसने जायची, त्यांचे केस विंचरून द्यायची, नखं कापायची.

मी विचारलं, "माझी कधी आठवण काढली का गं?"

"खरं सांगू? शेवटी कोणाचीच नाही काढली. मुलांची नावं घ्यायच्या, पण सगळी मिसळलेली. कुणाचं नाव कुणाला. मलाही ओळखत नव्हत्या. पण मी गेले की बाजूला सरकून जागा द्यायच्या."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला मंजिरीला फोन केला. केशरमावशी गेल्या म्हटलं. ती म्हणाली, "कोण केशरमावशी?"

मला ते लागलं. पण तिचं काय चुकलं होतं? तिला कळावं असं मीच काही ठेवलं नव्हतं. एक फोटोसुद्धा नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. पोपटी चिंधीचा पंचा, दुपारची झोप, स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीचे डबे मोजणं. आणि मग ते तीन आठवडे, मी काय केलं आणि काय बोलले नाही, तेही. तीसेक वर्षांत मी ते नसीम आणि नवरा सोडून कुणाजवळ बोलले नव्हते.

"आई," ती म्हणाली, "तो अझहर आता काय करतो?"

नसीमशी मी पाऊण तास बोलले होते. मावशींचं आजारपण, शेवटचे दिवस, माझ्या आठवणी. तिच्या मुलाबद्दल मी एक शब्द विचारला नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "विचारते."

फोन ठेवला आणि नसीमचा नंबर लावला.